तुम्ही विचारलंत म्हणून: पहिली सत्तावीस वर्षं कुठे गेली?

आमच्या मंडळीची, म्हणजे आमच्या मेथडिस्ट (प्रॉटेस्टंटांतला एक पंथ) चर्चची, स्मरणिका निघाली २०१९ च्या नाताळात. मुखपृष्ठावर सोनेरी अक्षरांत ‘१८९४–२०१९’, आणि आत उघडलं की इतिहास सुरू होतो १९२१ पासून, कोनशिला बसवली त्या दिवसापासून. लेखाखाली नाव माझं. तेव्हा विचारणारे मलाच विचारणार, हे कबूल. पण किती वर्षं? पहिल्यांदा विचारलं ते ज्यांनी स्मरणिका विकत घेतली नव्हती त्यांनी. मग पुण्याला आयटीत असलेल्या पोरांनी. मग एका रिटायर्ड डी.एस. (डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडंट, पास्टरांच्या वरचे) साहेबांनी, तेही प्रभुभोजनाला पुढे जाताना, माझ्या मागे उभे राहून. परवा तर एका मयतीत पेटी खाली सोडत होते आणि कोणीतरी कानाशी लागलं, “बाई, ती पहिली सत्तावीस वर्षं कुठे गेली हो?”

आजवर माझी तीन उत्तरं झाली. वाळवी लागली होती. पानं वाढली असती तर छपाई पंच कमिटीला झेपली नसती. पुढच्या आवृत्तीत घेऊ. तिन्ही थापा. हायस्कुलात तीस वर्षं इतिहास शिकवलेल्या बाईनं मारलेल्या थापा, म्हणजे बघा.

गावाचं नाव इथे लिहीत नाही. मध्य रेल्वेच्या लायनीवरचं आहे, एवढं बाहेरच्यांना पुरे. तुम्हाला ठाऊकच आहे.

तर, लिहिलं नव्हतं असं नाही. लिहिलं होतं. फुलस्केपची चौदा पानं झाली होती आणि पहिली चार तर मला अजून आवडतात. त्यांत विल्यम टेलर होता. सॅन फ्रान्सिस्कोला सोन्यासाठी झुंबड उडाली होती तेव्हा भर रस्त्यात उभं राहून प्रवचनं करणारा हा अमेरिकन माणूस १८७० साली लखनौला आला आणि १८७१ च्या नोव्हेंबरात मुंबईला. १८७२ उजाडेपर्यंत मुंबईत मेथडिस्ट मंडळी उभी. त्याचा हट्ट एकच: अमेरिकेच्या मिशन बोर्डाकडून पैसा घ्यायचा नाही. ज्या मंडळीला पाळक, म्हणजे पास्टर, हवा तिनंच त्याला पोसायचं. हा हट्ट चालला, कारण त्याला भेटलेले लोक पगारदार होते. रेल्वेचे ड्रायव्हर, गार्ड, तारखात्यातले, कस्टममधले, इंग्रजी बोलणारे. रूळ जिथे जिथे गेले तिथे तिथे ही माणसं गेली आणि त्यांच्यामागून मेथडिस्ट उपासना गेली. पुण्यात याच लाटेत सर्व्हे खात्यातला एक विशीचा ओल्डहॅम सापडला, बंगलोरचा जन्म. तो पुढे सिंगापूरला गेला आणि तिथली मेथडिस्ट मंडळी त्यानं १८८५ साली सुरू केली. आमच्या पोरांना सिंगापूर म्हटलं की एअरपोर्ट आठवतो. असो.

आणि जॉर्ज बोवेन. हा माझा आवडता. १८४८ ला मुंबईत आला, वर्षभरात मिशनचा पगार सोडला, गरिबांच्या वस्तीत खोली घेऊन राहिला, मराठी शिकला, रस्त्यावर बोलत राहिला, ‘बॉम्बे गार्डियन’ चालवलं आणि १८८८ ला इथेच मेला. चाळीस वर्षांत एकदाही घरी परत गेला नाही. टेलर आला तेव्हा हा पन्नाशी ओलांडलेला माणूस त्याच्याबरोबर मेथडिस्ट झाला. कुलाब्याचं बोवेन मेमोरियल चर्च त्याच्याच नावाचं.

हे सगळं छापायला काय हरकत होती, असं तुम्ही म्हणाल. हरकत काही नव्हती. फक्त हे लिहून झाल्यावर पाचव्या पानाला मला जाणवलं की आपल्या सगळ्या स्मरणिका अशाच सुरू होतात: बोटीतून साहेब उतरतो. मग साहेब चालतो, साहेब बोलतो, साहेब शाळा काढतो. मराठी माणूस कुठे येतो? तो येतो ‘आणि अनेकांनी तारण स्वीकारले’ या वाक्यात, अनेकवचनात. मला ते अनेकवचन फोडायचं होतं. १८७६ ला साऊथ इंडिया कॉन्फरन्स (मेथडिस्टांचा कारभाराचा विभाग), १८९२ ला त्यातून बॉम्बे कॉन्फरन्स, आणि त्या सुमारास मराठी खेड्यांतलं काम वाढलं, हे कुठेही मिळेल. आमच्या इथे १८९४ साली इंग्रजी उपासना संपल्यावर चर्चच्या पडवीत बसणारी जी मराठी माणसं होती, ती कोण, हे फक्त एका ठिकाणी मिळत होतं. आमच्या बाप्तिस्मा रजिस्टरात.

आता इथे थांबून त्या दुसऱ्या प्रश्नाचं बोलते, कारण तो याच प्रश्नाचा मोठा भाऊ आहे. ‘तुम्ही मूळचे कोण?’ महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसाला हा प्रश्न ट्रेनमध्ये, स्टाफरूममध्ये, भाड्याची खोली बघताना, सगळीकडे येतो. विचारणारे वाईट नसतात. त्यांना फक्त ठेवायला एक खण हवा असतो. आमचं आडनाव असं की ते मराठ्यांत आहे, महारांत आहे, मांगांत आहे, चांभारांतही ऐकलंय. म्हणजे आडनावावरून कोणालाच काही कळत नाही. १९८४ मध्ये नोकरीला लागले त्या आठवड्यात एका बाईंनी डबा खाताखाता विचारलं आणि मी पटकन म्हणाले, “मराठा.” माझ्या दृष्टीनं ते खरंच होतं. आमच्या घरात पणजोबांची गोष्ट होती ना. पणजोबा पाटील. घोड्यावरून बाजाराला चाललेले, वाटेत वडाखाली साहेब बोलत होता, घोडा आपोआप थांबला. हलेचना. पणजोबा उतरले, ऐकलं, आणि त्याच दिवशी लगाम साहेबाच्या हातात दिला. माझी आजी ही गोष्ट सांगताना घोड्याचा रंगसुद्धा सांगायची. लाखी.

अशी एकेक गोष्ट तुमच्याही घरात आहे, हे मला ठाऊक आहे. कोणाचे देशमुख, कोणाचे काशीला जाऊन आलेले शास्त्रीबुवा. आणि त्यात आपल्या भिंतींनी भर घातली. हॉलमध्ये दोनच मराठी फोटो: एक नारायण वामन टिळकांचा, जे आपल्या मिशनचे नव्हेतच, अमेरिकन मराठी मिशनचे. पण भजनं त्यांची गातो म्हणून फोटो. दुसरा बिशप जसवंतराव चितांबरांचा. १९३०-३१ साली मेथडिस्टांचे पहिले भारतीय बिशप झाले ते. मराठी ब्राह्मण घराण्यातले, वाढले उत्तरेत. थोर माणसं होती, वाद नाही. पण हॉलमध्ये दर रविवारी चहा पिणाऱ्यांपैकी एकाचीही पणजी त्या दोन फोटोंसारख्या घरातली नव्हती. मग तिचा फोटो कुठे आहे?

आता रजिस्टर.

मे २०१८. मी नुकतीच रिटायर झालेले. पास्टरसाहेबांना विचारून रजिस्टर घरी आणलं, कापडी पिशवीत, रिक्षानं, मांडीवर धरून. कापडाच्या दुकानातल्या खतावणीएवढं. पाठीला विटलेलं लाल कापड, कोपऱ्यांना चामडं. आत इंग्रजीत रकाने: अनुक्रम, तारीख, नाव, बापाचं नाव, वय, गाव, मग दोन बोटं रुंद खाकी कागदाची पट्टी, मग धंदा, बाप्तिस्मा देणाऱ्याची सही, शेरा. ती पट्टी पहिल्या नऊ पानांवर वरपासून खालपर्यंत चिकटवलेली, रकान्याच्या मथळ्यासकट. दहाव्या पानापासून छापील फॉर्म बदललेला, त्यात तो रकानाच नाही, पट्टीही नाही. शेऱ्याच्या रकान्यात बहुतेकांपुढे ‘ऑन प्रोबेशन’. त्या काळी मेथडिस्टांत आलेल्याला निदान सहा महिने उमेदवारी करावी लागे, मग पूर्ण सभासद. आमच्या बऱ्याच लोकांची ही सहा महिन्यांची उमेदवारी तीन-तीन वर्षं चाललेली दिसत होती. का, ते कोणी लिहिलेलं नाही.

पणजोबा तिसऱ्या पानावर सापडले. साल १९००. नाव बरोबर. वय: अंदाजे ९. बापाचं नाव: मयत, ठाऊक नाही. धंदा: आडवी रेघ. शेरा: एकच शब्द, ‘फॅमिन’.

नऊ वर्षांचं पोर घोड्यावरून बाजाराला जात नाही. एवढं कळायला इतिहासाची पदवी लागत नाही. १८९६-९७ चा दुष्काळ, त्यातून डोकं वर काढतो न काढतो तोच १८९९-१९०० चा. मिशनांच्या अनाथाश्रमांत त्या वर्षांत पोरं कुठून कशी आली, हे मी वर्गात शिकवलेलं होतं. फक्त ते दुसऱ्यांच्या पणजोबांबद्दल शिकवलं होतं.

आणि आता खरं सांगायचं तर ऐका. मी पट्टी काढायला घेतली ती सत्य शोधायला नाही. तेव्हा मी स्वतःला तसं सांगितलं. पण मनात काय होतं? मनात होतं की ठीक आहे, पोरका असेल, पण पाटलाचा पोरका असेल. दुष्काळात पाटीलही मेलेच की. पट्टीखाली ‘मराठा’ लिहिलेलं असेल, आणि घोडा नाही तर नाही, निदान मी त्या स्टाफरूममध्ये खोटं बोलले नव्हते, एवढं तरी सिद्ध होईल. चौतीस वर्षांपूर्वीच्या एका डब्याच्या सुट्टीसाठी मी सव्वाशे वर्षांचं रजिस्टर गॅसवर धरलं.

गॅसवर म्हणजे चहाच्या पातेल्यावर. व्हिडिओत बघितलं होतं, वाफेनं पोस्टाची तिकिटं कशी सुटतात ते. पप्पा दुपारचे झोपले होते, ८७ वर्षांचे. पहिलं पान सोपं गेलं. वाफ दिली, सुरीच्या बोथट टोकानं उचललं, पट्टी केळीच्या सालीसारखी सुटत आली. खाली रकान्याचा मथळा: ‘कास्ट’. खाली एकाखाली एक तेच दोन-तीन शब्द, वळणदार अक्षरात. त्या पानावरची सहा घराणी आजही मंडळीत आहेत. दुसरं पान केलं. फोटो काढून ठेवावा, हे मला सुचलं नाही. लाख वेळा विद्यार्थ्यांना सांगितलं असेन, आधी नोंद करा, मग हात लावा. सुचलं नाही, कारण मला घाई तिसऱ्या पानाची होती.

तिसऱ्या पानावर खळ जाड लागली होती. मी आच वाढवली. पट्टी सुटेना, मग एकदम सुटली, आणि मला वाटलं झालं. खाली बघितलं तर कागद पांढरा. नुसता पांढरा नाही, लव आलेला, कापसासारखा. शाई पट्टीबरोबर गेली होती. पणजोबांची ओळ आणि वरच्या-खालच्या तीन. शिवाय बाजूच्या रकान्यात वाफेनं गावाचं नाव पसरलं. आधी ते नीट वाचता येत होतं. मी ते आधी वाचलं होतं आणि त्या क्षणी मला आठवेना. अजून आठवत नाही. ‘प’नं सुरू होत होतं का? की ‘ब’? चार माणसांचं गाव आणि जात, दोन्ही मी एका दुपारी स्वयंपाकघरात पुसून टाकली.

पप्पा चार वाजता चहाला उठले. ओट्यावर रजिस्टर, पातेलं, माझा चेहरा. काही बोलले नाहीत. पट्टी उचलली, उलटी केली, खिडकीकडे धरली. मग म्हणाले, “बेबी, माझा दाढीचा आरसा आण.”

मला कळेना. आणला. त्यांनी पट्टी डाव्या हातात, आरसा उजव्या हातात धरला, मान तिरकी केली, आणि मग मला दिसलं की पट्टीच्या मागच्या बाजूला शाई उमटलेली आहे, उलटी. पुसलेली नव्हती, नुसती जागा बदलून तिकडे गेली होती. पप्पांनी वाचलं. मोठ्यानं नाही. मग आरसा माझ्याकडे दिला.

मराठा नव्हतं.

“मला ठाऊक होतं,” पप्पा म्हणाले. “पट्टी मीच लावलीये.”

१९७० सालची गोष्ट. तुमच्यापैकी साठीच्या पुढच्यांना ते वर्ष आठवत असेल. उत्तर भारतातल्या अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांची एक मंडळी व्हायची ठरली होती, नागपूरला २९ नोव्हेंबरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालीसुद्धा, आणि आपले मेथडिस्ट शेवटच्या घटकेला मागे फिरले. वर जे व्हायचं ते झालं, पण खाली प्रत्येक गावात दोन तट पडले. आमच्याकडे पंच कमिटीची बैठक रात्री अकरापर्यंत चालली. एक बाजू म्हणे एक व्हा, दुसरी म्हणे आपली प्रॉपर्टी जाईल, आपले बिशप जातील. पप्पा ‘एक व्हा’ म्हणणाऱ्यांत. बोलता बोलता कोणाचा तरी तोल गेला. तो उठला, कपाट उघडून हे रजिस्टर काढलं आणि समोरच्या माणसाच्या आजोबांची ओळ वाचून दाखवली. त्या रकान्यासकट. म्हणे, “हे लोक आता नागपूरला जाऊन बिशपच्या मांडीला मांडी लावून बसणार!” वाचणाऱ्याच्या स्वतःच्या आजोबांची ओळ त्याच पानावर होती, आणि त्या रकान्यात एकाच शब्दाचा फरक होता. त्या एका शब्दावर तो उभा होता. नाव सांगत नाही. नातवंडं क्वायरमध्ये गातात, गोड गातात.

पप्पा तेव्हा पार्सल ऑफिसात क्लार्क आणि कमिटीचे सेक्रेटरी. गाण्याची पुस्तकं फाटली की घरी आणून बांधायचे, त्यामुळे खळ शिजवणं हातचं काम. त्या रात्री बैठक मोडल्यावर त्यांनी रजिस्टर घरी आणलं, पार्सलचा खाकी कागद पट्ट्या करून कापला, आणि मोरचूद घातलेली खळ लावून नऊ पानं बंद केली. मोरचूद कशाला? झुरळं, कसर लागू नये म्हणून. म्हणूनच ती पट्टी काठाकाठानं निळसर झाली होती. मला वाटलं होतं बुरशी.

“मग तुम्ही वाचलंच होतं,” मी म्हटलं. “आणि तरी आम्हाला घोड्याची गोष्ट सांगत राहिलात?”

“घोडा माझ्या आईचा. तिच्याकडून मी कशाला काढून घेऊ?”

मी भांडले. आता लाज वाटते, तेव्हा वाटली नाही. म्हटलं, पप्पा, लपवण्यासारखं काय आहे त्यात? ज्यांनी लपवायला भाग पाडलं त्यांनी लाजावं. मी हे सगळं छापणार आहे, नावानिशी, रकान्यानिशी. टेलर-बोवेन कोपऱ्यात जाऊ देत, ही माणसं पहिल्या पानावर येतील. चांगलं बोलले. आजही त्यातला शब्द चुकीचा वाटत नाही. पप्पांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, “तू शाळेत लागलीस तेव्हा तुला कोणीतरी विचारलं होतं. काय सांगितलंस?”

हे मी त्यांना कधी सांगितलं असेन? घरी येऊन हसत सांगितलं असेन, त्याच संध्याकाळी. चौतीस वर्षं त्यांनी ते ऐकून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खळ शिजवली. हात थरथरत होते म्हणून ढवळायला मला बसवलं. मोरचूद मिळाला नाही, वाण्यानं कारण विचारलं म्हणून मी तशीच परत आले होते. पहिल्या तीन पानांवर नव्या पट्ट्या लावल्या. खाकी कागद नव्हता, ड्रॉइंगशीट होती. तुम्ही आज रजिस्टर उघडलंत तर तीन पांढऱ्या पट्ट्या आणि सहा तपकिरी दिसतील. पांढऱ्या तीन आमच्या. त्यांतल्या तिसऱ्या पट्टीखाली काही नाही.

तर १९२१ पासून इतिहास का, त्याचं हे उत्तर. अर्धं उत्तर म्हणा. पप्पांना मी शब्द दिला होता का? नाही, त्यांनी मागितलाच नाही. एकदाच म्हणाले, “तुझी ओळ तू छाप. बाकीच्यांना विचार.” मी विचारायला सुरुवातही केली. पहिल्याच घरी मावशींनी चहा दिला, खारी दिली, आणि म्हणाल्या, “नाव घाल बाई. तो रकाना नको.” दुसऱ्या घरात बरोबर उलटं. नातू म्हणाला, “रकाना घाला, त्यासाठीच तर सगळं. पण नाव नको, बहिणीचं जमवतोय.” नाव आहे तर रकाना नाही, रकाना आहे तर नाव नाही. असा इतिहास कसा लिहायचा? तिसऱ्या घरी मी गेलेच नाही. आणि माझी ओळ? ती छापायला पुरावा लागतो. पुरावा मी चहाच्या वाफेवर घालवला होता, आणि हे सांगायची मला लाज वाटत होती. जातीची नाही. शिक्षिकेनं रजिस्टर खराब केलं याची. निदान मी तसं म्हणते. यातली कुठली लाज मोठी होती हे मलाही नक्की सांगता येत नाही.

काही जण म्हणतात, बरं केलंत गाळलं, नाहीतर ‘तांदळासाठी बाटलेले’ म्हणायला लोक टपलेलेच. यावर मात्र मी गप्प बसणार नाही. नऊ वर्षांचं पोर, बापाचं नाव सांगायलाही कोणी उरलेलं नाही, त्याला कोणी खायला घातलं आणि ते त्यांच्याबरोबर राहिलं. बरं, मग? ज्यांच्या गावात ते पोर उपाशी फिरत होतं त्यांनी आधी बोलावं. आणि टेलरसाहेबांचा तो ‘आम्ही मिशनचा पैसा घेत नाही’चा बाणा, त्याचं मी चौदा पानांत फार कौतुक केलं होतं. आज करणार नाही. पगारदारांना परवडणारा बाणा होता तो. पडवीत बसणाऱ्यांना काय परवडत होतं ते शेऱ्याच्या रकान्यात आहे.

पप्पा २०२१ च्या एप्रिलात प्रभूत निजले. मला वाटलं आता हा विषय कपाटात राहील. मग मागच्या वर्षी भावाचा फोन. भाच्याची बारावी झालेली, इंजिनिअरिंगला जातीचा दाखला हवा.

कायदा तुम्हाला माहीत आहे, पण ज्यांना नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. १९५० च्या आदेशानं अनुसूचित जाती फक्त हिंदूंत धरल्या. १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले, ख्रिस्ती अजून बाहेर. २०२२ ला केंद्रानं त्यावर आयोग नेमला. महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना ओबीसी धरतात. पण त्याला पुरावा १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा लागतो. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर काय? ‘हिंदी ख्रिस्ती’. पप्पांच्या? ‘ख्रिश्चन’. आम्ही दोन पिढ्या अभिमानानं तेवढंच लिहीत आलो. मूळ शब्द साऱ्या जगात एकाच ठिकाणी लिहिलेला होता.

“ताई, ते रजिस्टर तुझ्याच ताब्यात होतं ना?” भाऊ म्हणाला.

मी त्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “म्हणजे पप्पांनी झाकलं आणि तू पुसलंस.” मला राग आला, अजून आहे. त्याच्या मुलाच्या फीची गोष्ट आहे म्हणून त्याला आता रकाना आठवला. लग्नपत्रिका छापताना आठवला नव्हता. पण वाक्य खोटं नाही. आणि समजा मी २०१९ ला ते पान जसंच्या तसं छापलं असतं, तर? तर एक छापील कागद तरी असता. की नसता चालला, कोण जाणे. मी स्वतःशी हे दोन्ही बाजूंनी इतक्यांदा बोलले आहे की कधीकधी मी पप्पांची बाजू घेते आणि पप्पा माझी.

मूळ पट्टी मी फेकली नव्हती. प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, पप्पांच्या दाढीच्या आरशाबरोबर ठेवली होती. दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला तेव्हा काढून दिली. म्हटलं, वाचायला आरसा लागेल. त्यानं पट्टी टेबलावर सपाट ठेवली, मोबाईलनं फोटो काढला, बोटानं काहीतरी केलं आणि अक्षरं सुलटी झाली. “आरसा कशाला, आत्या?”

मग त्यानं तो शब्द वाचला. मोठ्यानं, आवाज न बदलता, जसं ट्रेनचं नाव वाचावं तसा. आमच्या घरात तो पहिल्यांदा उच्चारला गेला, आणि मी बघते तर मी या सगळ्या लेखात तो अजूनही लिहिलेला नाही. पणजोबांच्या ओळीवरून वरच्या-खालच्या तीन ओळी कळतील म्हणून, हे माझं कारण. कारण खरं आहे. एकच आहे की नाही ते माहीत नाही.

भाचा म्हणाला, “यात गाव पण दिसतंय थोडंसं.” पट्टीचा काठ बाजूच्या रकान्यावर किंचित चढला होता, तिथे. त्यानं फोटो मोठा केला. ‘प’ही नव्हता, ‘ब’ही नव्हता. इंग्रजी ‘के’ आणि पुढे एक काना मोडल्यासारखी रेघ.

तो म्हणाला, कलर प्रिंट कुठे मिळेल इथे? मी म्हटलं, स्टेशनसमोर. चप्पल घालून आम्ही दोघं निघालो.